भिवंडीचे अंगण आणि आपले खळे

भिवंडी म्हटले की कापूस पिकवणाऱ्याच्या डोळ्यापुढे माग येतो. वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात वेचलेला कापूस जिनिंगात जातो, त्याच्या गाठी होतात, गाठींचे सूत होते आणि त्यातले कितीतरी सूत भिवंडीच्या यंत्रमागावर चढते. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, गिरण्या बसल्या आणि भिवंडीचा खडखडाट वाढला. आता तिथल्या मागांवर पॉलिस्टरही भरपूर चालते. ते दुखणे वेगळे आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. आम्ही भिवंडीत जे पाहून आलो ते मागापेक्षा फार साधे होते. एका घराचे मागचे अंगण.

अंगणावर कसला लेख, असे आमच्या काही मित्रांना वाटेल. भाव, कर्ज, वीजबिल, आयात हे सगळे सोडून ही मंडळी फरशी बसवायला कधी लागली? थोडा धीर धरावा. पीक शेतात उभे आहे तोवर ते पावसापाण्याच्या ताब्यात. बाजारात पोचले की व्यापाऱ्याच्या ताब्यात. या दोहोंच्या मध्ये जे चार-आठ दिवस माल खुद्द शेतकऱ्याच्या ताब्यात असतो, तेवढ्या दिवसांत तो कुठे असतो? खळ्यावर, नाहीतर अंगणात. ती जागाच ओली असेल तर ते दिवसही आपले राहत नाहीत. मग आभाळ भरून आले की आपण मिळेल त्या भावाला ट्रॅक्टर जोडतो.

गेल्या श्रावणात भिवंडी तालुक्यातल्या एका भाताच्या गावी आम्ही बैठकीसाठी गेलो होतो. मुक्काम कार्यकर्त्याच्याच घरी. रात्रभर पाऊस कोसळत होता. या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अकोल्याला वर्षभरात आठशेच्या आत-बाहेर. म्हणजे आपल्या तिप्पट. सकाळी मागचे दार उघडले तेव्हा आमची अपेक्षा होती गुडघाभर चिखलाची. पाहतो तो वीस-बावीस फूट लांबरुंद पक्के अंगण, पाणी त्यावरून सरसर काठाकडे चाललेले, आणि घरातली आजी अनवाणी पायाने, न घसरता, न बिचकता कोंबड्यांना दाणे टाकते आहे. अंगणाला एक तडा नव्हता. बांधून जवळजवळ वीस पावसाळे झाले, असे तिच्या मुलाने, म्हणजे आमच्या कार्यकर्त्याच्या वडिलांनी सांगितले.

पूर्वी या गावांत अंगण दरवर्षी नवे होई. दसरा-दिवाळीनंतर जमीन उकरायची, सपाट करायची, पाणी मारून चोपण्याने चोपायची आणि शेणाने सारवायची. त्यावर भात झोडायचे, वाळवायचे, होळीपर्यंत त्याच अंगणात सगळा संसार. मृगाचा पाऊस आला की त्याचा चिखल. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. शेणाने सारवलेल्या अंगणाचे गोडवे गाणारे लेख आम्ही शहरातल्या मासिकांत वाचले आहेत. ते लिहिणाऱ्यांनी चोपणे हातात धरलेले दिसत नाही. ते काम दरसाल बायांच्या वाट्याला येत होते, आणि त्याची मजुरी कोणत्याही उत्पादनखर्चाच्या तक्त्यात कधी धरली गेली नाही.

काकांचे पहिले पक्के अंगण फसले होते. भाताच्या खाचरातलीच माती पसरून त्यावर त्यांनी एकसंध काँक्रीट ओतून घेतले. दिसायला झकास. मग आला २००५ सालचा २६ जुलै. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; ठाणे, कल्याण, भिवंडी सगळेच पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर अंगण वरून धड दिसत होते. पण काठी आपटली की ढोलासारखे वाजे. खालची माती पाण्याबरोबर निघून गेली होती आणि काँक्रीट अधांतरी राहिले होते. त्यावर भाताची पोती रचली आणि ते मधोमध मोडले.

पुढच्या हिवाळ्यात काकांनी उलट्या दिशेने काम केले. आधी पाण्याचा विचार, मग अंगणाचा. वरची काळी, कुजकट माती फूटभर काढून टाकली, खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत. त्यावर खाणीचा दगड उभा लावून नऊ इंचांचे सोलिंग केले, फटींत दगडाच्या कपच्या ठोकून बसवल्या. मग मुरुमाचे चार-चार इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोकलेले. खाणीकामावर गेलेले गडी गावात होतेच. अंगण भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच घेतले. चारी बाजूंनी दगडाचा काठ. काठाबाहेर हातभर खोल चर, त्यात गोटे भरलेले, आणि त्या चराचे तोंड खालच्या खाचरात सोडलेले. हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. चराला तोंड आहे. सोलिंगमध्ये शिरलेले पाणी तिथे मुक्काम करत नाही, खाचरात उतरते.

वरचे काँक्रीट चार इंचांचे, पण एकसंध नाही. पाच-पाच फुटांचे चौकोन, एक सोडून एक ओतलेले, मधल्या फटीत डांबर आणि वाळू. उतार घरापासून दूर, वीस फुटांना चार इंच. डोळ्याला जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. काका म्हणाले, "साहेब, पाण्याला वाट द्या, मग ते तुमच्या वाटेला जात नाही."

आणखी एक गोष्ट त्यांनी केली होती, जी आम्हाला कोणत्या पुस्तकात भेटली नव्हती. अंगण घराच्या भिंतीला भिडवलेले नव्हते. मधे दोन फुटांची पट्टी मोकळी सोडून तिच्यात गोटे पसरले होते. पागोळ्या त्या गोट्यांवर पडतात आणि मुरतात. पक्क्या अंगणावर पागोळी पडली की शिंतोडे उडून भिंत हात-दीड हात ओली होते आणि दोन-चार वर्षांत पडवीचा पाया सुटतो. शेजारच्या घरी तेच झालेले त्यांनी दाखवले. वरचा पृष्ठभाग ओला असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढल्या होत्या, म्हणून शेवाळ धरले तरी पाय घसरत नाही. फक्त एका बाजूचे चार चौकोन थापीने गुळगुळीत ठेवलेले. ते भात वाळवण्यासाठी; रेघांत दाणे अडकतात म्हणून आजींनी तसे करायला लावले.

आता आपल्याकडे येऊ. आणि इथे आम्हाला आमचीच फजिती सांगितली पाहिजे.

आम्ही कृषी पदवीधर. नोकरी सोडून चळवळीत आलो तेव्हा पहिल्या उत्साहात वडिलांच्या शेतावर पक्के खळे बांधायचे ठरवले. जागा निवडली भारी काळ्या रानात, विहिरीजवळ, कारण तिथे पाणी मारायला सोपे. दगडाचे सोलिंग केले, वर काँक्रीट ओतले, अगदी एकसंध. मे महिन्यात काम झाले, कारण तेव्हा गडी मोकळे होते. गावातले एक म्हातारे पाहायला आले, खळ्याभोवती एक चक्कर मारली आणि काही न बोलता गेले. दुसऱ्या पावसाळ्यात खळ्याचे चारी काठ वर उचलले आणि मधोमध वाटीसारखा खड्डा पडला. त्या उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा. जी मृदाशास्त्राची परीक्षा आम्ही पहिल्या वर्गात पास झालो होतो, तिचे उत्तर आमच्या पायाखाली फुटलेले होते.

काय झाले होते? काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. हे आपल्याला सांगायला नको. उन्हाळ्यात काठी आत जाईल अशा भेगा आपण पाहतो. तिच्यावर काँक्रीटचे झाकण घातले की मधली माती सावलीत राहते, तिची ओल फारशी बदलत नाही. काठाची माती मात्र उन्हाळ्यात वाळून बसते, पावसाळ्यात फुगून उठते. झाकण काठाशी वरखाली होते आणि मोडते. त्यात आमचे सोलिंग! भिवंडीत सोलिंगने पाणी बाहेर जाते, कारण चराला तोंड आहे आणि खाली मुरूम आहे. आमच्या सोलिंगला वाटच नव्हती. पावसाचे पाणी दगडांच्या पोकळीत शिरले आणि काळ्या मातीच्या खड्ड्यात टाकीसारखे भरून राहिले. आम्ही स्वतः मातीला पाणी पाजून फुगवले.

म्हणून भिवंडीचे अंगण जसेच्या तसे उचलून आणू नका. तिथला विचार आणा.

मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कट्टी यांनी फुगणाऱ्या काळ्या मातीवर वर्षानुवर्षे काम केले. त्यांचा उपाय असा की, काळी माती काढून तिच्या जागी न फुगणाऱ्या पण चिकटून बसणाऱ्या मातीचा जाड थर द्यायचा. साधारण मीटरभर थर असला की खालच्या मातीची उचल वर जाणवत नाही. कालव्यांच्या अस्तरीकरणात हे तंत्र वापरले गेले. कालव्याला परवडते ते खळ्याला परवडेलच असे नाही, पण तत्त्व तेच. काळ्या रानातल्या खळ्याखाली मोकळ्या दगडांचे सोलिंग नको. दीड फूट माती काढा, चिकण असलेला पिवळा-तांबडा मुरूम थराथराने ठोकून भरा आणि जमिनीच्या वर फूटभर उचला. हा मुरूम खळ्याच्या चारी बाजूंना तीन-तीन फूट बाहेर न्या, म्हणजे फुगण्या-आक्रसण्याचा खेळ खळ्यापासून दूर होईल. जवळ बाभूळ-लिंब नको. झाडाची मुळे एका बाजूची ओल ओढतात आणि खळे तिकडे कलते.

हिशेब करू. वीस बाय वीस फुटांचे खळे, बाहेरच्या पट्टीसह सव्वीस बाय सव्वीस. अडीच फूट मुरूम म्हणजे सतरा ब्रास, ठोकून बसणार म्हणून वीस-एकवीस ब्रास आणावा लागेल. चार इंच काँक्रीटला सिमेंटची सुमारे चोवीस पोती, खडी सव्वा ब्रास, वाळू अर्ध्या ब्रासच्या थोडी वर. आकडा पाहून छाती दडपते. आता हेच खळे गावाच्या बरडावर घेऊन पाहा. तिथे मुरूम पायाखालीच आहे. सहा इंच भर टाकून सपाटी केली की झाले. चार ब्रासमध्ये काम. सिमेंट तेवढेच लागते, पण एकवीसचे चार ब्रास होतात. आमच्या खळ्याभोवती चक्कर मारून गप्प गेलेले ते म्हातारे नंतर म्हणाले, "बाळा, जुनी खळी कुठं होती ते इचारलं असतंस तर?" जुनी खळी बरडावर होती. पाणी थांबत नाही आणि उफणणीला वारा मिळतो, या दोन गोष्टी बघून त्यांनी जागा धरल्या होत्या. तिवडा रोवून पात धरायचे दिवस गेले, हडंबा आला, पण बरड तिथेच आहे. पुष्कळ गावांत त्यावर आता उकिरडे आहेत.

ज्यांना सिमेंट परवडत नाही त्यांनी ठोकलेल्या मुरुमावर वाळूत फरशी किंवा पक्की वीट बसवावी. एखादी हलली तर काढून पुन्हा बसवता येते. काँक्रीट मोडले की ते मोडलेलेच. भारी रानात आम्हाला तर फरशीच जास्त पसंत आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? चारशे चौरस फुटांत दोन इंच थर धरला तर बारा-तेरा क्विंटल ज्वारी एका वेळी वाळते. मातीच्या खळ्यावर खडे आणि माती दाण्यात येतेच. राशीच्या तळाचे मातेरे वेगळे काढले तरी उरलेल्यावर व्यापारी कडता कापतोच. आज आपले कितीतरी लोक डांबरी रस्त्यावर धान्य वाळवतात. रात्री मोटारसायकली घसरून माणसे जखमी होतात, आणि तरी आपण पुढच्या वर्षी तिथेच पसरतो, कारण गावात दुसरी सपाट कोरडी जागा नाही. एक मात्र स्पष्ट सांगतो. दाणे भरताना पाऊस लागून ज्वारी काळी पडली असेल तर खळे तिला पांढरी करणार नाही. ती बुरशी शेतातच बसते. खळे वाचवते ते कापणीनंतरचे नुकसान.

कापसाचे गणित जरा उलटे आहे. ओला कापूस वजनाला भरतो असे आपल्यातल्या अनेकांना वाटते. शंभर किलो कापसात सोळा टक्के ओल असेल आणि तो बारा टक्क्यांवर आणला, तर वजन साडेपंच्याण्णव किलो भरते. साडेचार किलो पाणी गेले. पण हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के ओल धरून भाव असतो, त्यावर बारापर्यंत कपात, आणि बाराच्या वर गाडी परत. गाडी परत आली की ती कुठे जाते, हे आपण सारे जाणतो. बाहेर उभ्या असलेल्या खासगी व्यापाऱ्याकडे. तो मीटर लावत नाही, मूठ आवळून पाहतो आणि साडेचार किलोपेक्षा पुष्कळ जास्त कापतो. शिवाय ओला कापूस ढिगात तापतो, रुई पिवळी पडते, सरकी खराब होते. दव उतरल्यावर वेचलेला आणि कोरड्या, स्वच्छ फरशीवर वीतभर थरात एक-दोन दिवस पसरलेला कापूस घेऊन जाणारा माणूस मुठीला भीत नाही.

अनुदानाची ताडपत्री आहे की, असे साहेब लोक सांगतात. ताडपत्री वरचे पाणी अडवते. जमिनीतली ओल खालून येते ती ताडपत्रीखालीच कोंडते. भिवंडीच्या काकांनी हे आमच्यापेक्षा आधी ओळखले होते.

त्या गावाहून परतताना आम्ही मुद्दाम गोदामांच्या रस्त्याने आलो. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, वळ, दापोडे, माणकोली. जिथे भाताची खाचरे होती तिथे मैलोन् मैल गोदामे. मुंबई जवळ, जागा स्वस्त, आणि मुंबईची जकात होती तोवर (ती १ जुलै २०१७ ला गेली) माल हद्दीबाहेर ठेवण्यात फायदा, अशी ती वाढत गेली. भाताने जे दिले नाही ते भाड्याने दिले. जमीन देणाऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही, आम्हाला तर नाहीच. पण एका गोदामाच्या दारात आम्ही बराच वेळ उभे राहिलो. जोते मालमोटारीच्या पाठीबरोबर येईल इतके उंच. फरशी अशी की ओलीचा मागमूस नाही. आत खोकी: शाम्पू, बूट, दूरचित्रवाणी संच. बाहेर पाऊस ओतत होता आणि पलीकडच्या खाचरात एक बाई लावणीत गेलेले रोप पुन्हा खोवत होती. तिने पिकवलेले भात ऑक्टोबरात कापून शेतातच पडणार, कारण त्याला जोते नाही.

२०१९ चा ऑक्टोबर आठवा. परतीचा पाऊस लांबला, अरबी समुद्रात क्यार वादळ आले, मागोमाग महा आले. भिवंडी-शहापूरच्या खाचरांत कापलेल्या भाताला कोंब फुटले आणि त्याच आठवड्यात आपल्याकडे फुटलेला कापूस झाडावर भिजत होता, ज्वारीच्या कणसांना मोड आले होते. नोव्हेंबरात मदत जाहीर झाली खरीप पिकांसाठी हेक्टरी ८००० रुपये, तीही दोन हेक्टरांपर्यंत. एकरी ३२००. त्या पावसात गोदामातले एक खोके भिजल्याचे कोणी ऐकले नाही.

माल धरून ठेवण्याची सोय सरकारने केली नाही असे नाही. वखार महामंडळ १९५७ पासून आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे, सहा टक्के व्याज, सहा महिने मुदत, ज्वारीही यादीत. पण वखारीच्या दारात माल न्यायचा तर तो वाळलेला, स्वच्छ असावा लागतो. ती पहिली पायरी या दोन्हींत नाही. ती आपल्या अंगणात आहे. भाव मिळाला पाहिजे हे आपण इतकी वर्षे सांगतो आहोत आणि सांगत राहू. भाव मिळेपर्यंत थांबायचे तर माल कुठे थांबणार, हे मात्र आपण क्वचितच बोललो, आणि त्यात आमचाही दोष आहे.

एकट्याने होत नसेल तर चार-पाच घरांनी बरडावर एक खळे करावे. भांडणे होतील, हे धरूनच चालावे. कोणाची रास आधी, यावरून पूर्वीही खळ्यावर भांडणे होत. तरी खळी चालत होती. बरड गावठाणाचा असेल तर ग्रामसभेत ठराव करून घ्यावा, नाहीतर दोन वर्षांनी तिथे एखाद्याचा गोठा उभा राहतो.

आणि काम कधी काढायचे ते. मे महिन्यात नको. तेव्हा काळी माती पूर्ण आक्रसलेली असते आणि मृगात ती खळ्याखाली फुगणारच. आमचे तसेच झाले. दिवाळी ते संक्रांत जमिनीत मध्यम ओल असते, तेव्हा खोदून मुरूम भरावा. पण ते दिवस वेचणीचे, घरात एक हात मोकळा नसतो. म्हणून दोन हप्त्यांत करावे. यंदा मार्गशीर्षात चार-आठ दिवस काढून फक्त मुरूम ठोकून ठेवावा. त्यावर एक पावसाळा जाऊ द्यावा. कुठे बसतो, पाणी कुठे थांबते, हे पाऊसच दाखवून देईल. ते खड्डे भरून पुढच्या हिवाळ्यात वरची फरशी किंवा काँक्रीट करावे, काँक्रीटवर निदान दहा-बारा दिवस पाणी मारावे, आणि हडंबा खळ्याबाहेर उभा करून दाणे तेवढे खळ्यावर पडतील असे बघावे. आमचे दुसरे खळे आम्ही असेच केले आहे, बरडावर, पाच घरांत मिळून. यंदाचा त्याचा चौथा पावसाळा. एका चौकोनाच्या कोपऱ्याला केसाएवढा तडा आहे, आणि तो कोणाच्या बैलगाडीने गेला यावरून अजून बोलणे चालू आहे.